सायकल फेरी आणि दहा-नऊ-आठ

सायकल ही गरिबाची गाडी. तिला पेट्रोल लागत नाही. जिथे एस.टी. जात नाही तिथे ती जाते.

वणीच्या पलीकडे वर्धा नदी ओलांडली की पुढे वरोरा लागते. तिथल्या आनंदवनाचे बाबा आमटे यांनी १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. बरोबरची तरुण पोरं-पोरी सायकलींवर होती. पुढे २०१७ साली कैलास सत्यार्थी यांनी कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत यात्रा नेली. ती मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध होती.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही याच कामासाठी सायकल फेरी काढता येईल. कापूस वेचून झाला की ऊन तापायच्या आत निघावे.

पण फेरीत सांगायचे काय? "अनोळखी माणसापासून सावध राहा," एवढेच पुष्कळ जण सांगतात. आम्हाला ते अपुरे वाटते. मुलाला त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. तो नात्यातला असेल, शेजारचा असेल, शिकवणारा असेल. वेचणीच्या दिवसांत आईबाप पहाटेच वावरात जातात आणि पोर ज्याच्या भरवशावर ठेवतात, तोही असेल. आणि हे फक्त मुलींच्याच बाबतीत होते असे नाही. केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतील बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून जास्त मुलांनी असा काही ना काही त्रास झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही तितकेच होते.

मूल हे सरळ सांगत नाही. "मला काकाकडे नको पाठवू," एवढेच म्हणते. आई म्हणते, "गप बस, काहीही बोलतोस!" तिथेच पोराचे तोंड बंद होते. त्याऐवजी त्याला जवळ घ्या. "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही," असे म्हणा. खोदून खोदून विचारू नका. मारू तर मुळीच नका.

मग घरातली थोरली माणसे म्हणतात, "बाहेर सांगू नका. घराची अब्रू जाईल." अब्रू जायची ती गुन्हा करणाराची. पोराची का जावी? २०१२ साली सरकारने यासाठी खास कायदा केला. त्याला पॉक्सो म्हणतात. १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला तो लागू आहे. गुन्हा माहीत असून न कळवणे हाही गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. मुलाचे नाव छापता येत नाही. जबाब शक्यतो बाई अधिकाऱ्याने घ्यावा, तोही मुलाच्या घरी, पोलिसी गणवेश न घालता. पंचांनी बसून, दंड घेऊन प्रकरण मिटवायचे, हे कायद्यात कुठेच नाही.

फेरी मोठ्या गावात थांबून परत फिरली तर काम अर्धेच झाले. कोलामांच्या पोडावर जायला हवे, बंजारा तांड्यावर जायला हवे. तिथे त्यांच्याच बोलीत बोलणारी एक बाई बरोबर असावी. बायका बाईशीच बोलतील.

आता पैशाचे. फेरीत वर्गणी जमते. मंडळ नोंदलेले नसेल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणपती मंडळे घेतात, तशीच. प्रत्येकाला पावती द्यावी आणि हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. पैसा टोप्या आणि फलकांवर उडवू नये. कोर्टाची तारीख असली की आईची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते. पुष्कळ प्रकरणे तिथेच ढिली पडतात. तो खर्च या पैशातून द्यावा. सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. तिचा अर्ज लिहून द्यायलाही कुणी तरी हवे. तुमच्यापैकी जो नीट लिहायला शिकला, त्याने हे काम घ्यावे.

मुलांसाठी मदतीचा फोन १०९८ हा आहे. १९९६ साली तो मुंबईत सुरू झाला. लोक त्याला दहा-नऊ-आठ म्हणतात. त्याला पैसे पडत नाहीत. रात्रीही लागतो. मूल स्वतःही फोन करू शकते.

मोबाइलवर आकडे इंग्रजी असतात. घरातल्या शाळकरी पोराकडून हे चार आकडे ओळखून घ्या. मग वहीत पाच वेळा लिहा: १०९८.