हिवाळ्यातील टोमॅटो : काचघरात, गॅलरीत की रानात?



हा लेख उसावर नाही, तरी त्याची सुरुवात उसाच्या फडातूनच झाली. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आमचे एक सभासद गट कार्यालयात आले. खोडव्याचे वीस गुंठे मोडायचे, तेथे पॉलिहाऊस उभारायचे आणि हिवाळाभर टोमॅटो काढायचा, असा त्यांचा बेत. कर्जाचा अर्ज भरून खिशात तयार. त्यांचा मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात पाळीवर काम करतो. त्याने मोबाईलवर हॉलंडमधील काचघरांची फिल्म पाठविली होती. बाहेर बर्फ आणि आत लालभडक टोमॅटो! "साहेब, आपणबी करू की," हे त्यांचे म्हणणे.

आम्ही एवढेच विचारले, "तात्या, आपल्याकडे बर्फ कुठं पडतो?"

टोमॅटोची फळधारणा रात्रीच्या हवेवर फार अवलंबून असते. रात्रीचे तापमान 15 ते 20 अंश सेल्सिअस असले की फूल चांगले धरते. ते 10 अंशांच्या खाली गेले की पराग नीट तयार होत नाहीत, आणि दिवसा 35 अंशांच्या वर गेले की फुले गळतात. हॉलंडमध्ये जानेवारीत ऊब नाही आणि ऊनही नाही, म्हणून तेथे काच, गॅस आणि दिवे लागतात. आपल्याकडे तोच महिना टोमॅटोचा खरा हंगाम. जे निसर्ग फुकट देतो त्याकरिता कर्ज कशाला काढायचे? आपल्याकडे छप्पर लागते ते पावसाळ्यात, करपा आणि चिखल टाळायला.

दुसरी गोष्ट भावाची. 2023 च्या जुलैमध्ये शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, हे सर्वांना आठवत असेल. पण त्याच सप्टेंबरात शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला, हेही आठवावे. उसाला एफआरपी आहे, टोमॅटोला नाही. आणि बँकेचा हप्ता बाजारभाव पाहून येत नाही.

अर्ज खिशातच राहिला. पण मुलाने हट्ट सोडला नाही. तो म्हणाला, मग मी माझ्या खोलीच्या गॅलरीत चार रोपे लावतो, कशी लावू ते सांगा. आम्ही फोनवर सांगितले की शेजारच्या परड्यातली माती घे, शेणखत मिसळ आणि लाव. येथे आमचे चुकले. रोपे गुडघाभर झाली आणि एका आठवड्यात हिरवीच्या हिरवी माना टाकून बसली. पोराला वाटले पाणी कमी पडले, म्हणून त्याने आणखी पाणी घातले.

पुढे कामानिमित्त आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला जाणे झाले, तेव्हा मेलेले एक झाड पाहिले. बुंध्याशी खोड कापून त्याचा तुकडा पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरला. थोड्याच वेळात कापातून दुधासारखी पांढरी धार सुटली. ही जिवाणूजन्य मर होय. कोकणच्या आम्लधर्मी, ओलसर मातीत हा रोग फार. तो मातीतूनच येतो आणि एकदा लागल्यावर कोणत्याही फवारणीला दाद देत नाही. वांगी, मिरची, बटाटा ही त्याच कुळातली, त्यामुळे ज्या परड्यात वांगी होती तेथली माती आणणे म्हणजे रोगच उचलून घरात आणणे. घाटावरचा अनुभव घाटाखाली जसाच्या तसा चालत नाही, हे आम्ही विसरलो होतो.

यावरून गॅलरीतल्या लागवडीचा खरा फायदा मात्र कळला. बादलीत माती घालावीच लागत नाही! दुसऱ्या वर्षी दोन भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेले प्रेसमड कंपोस्ट आणि थोडा भाताचा तूस असे मिश्रण केले. पंधरा लिटरची बादली, बुडाला पाच-सहा भोके, एका बादलीत एकच रोप. बियाणे अर्का रक्षक या संकरित वाणाचे घेतले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा वाण मर, पर्णगुच्छ आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे.

आता गॅलरी कोणती? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरच्या अखेरीस महाडला भर दुपारीही तो सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत शिरते. उत्तरेच्या गॅलरीत सप्टेंबरअखेर ते मार्च थेट ऊन येतच नाही. तेथे रोप नुसते उंच, पिवळे होते. सहा तास ऊन नसेल तर टोमॅटोचा नाद सोडून मेथी पेरावी.

बी सप्टेंबरअखेर टाकावे, पंचवीस-तीस दिवसांनी रोप बादलीत लावावे. पाऊस तोवर परतलेला असतो. पुढे दोन-अडीच महिन्यांत फळ लागते आणि मार्चचा कडका सुरू होईपर्यंत चालते. 19:19:19 हे खत लिटरला दोन ग्रॅम याप्रमाणे आठवड्यातून एकदा, फुलानंतर 13:0:45. पाणी रोज थोडे, पण नेमाने. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर असे केले की फळाच्या बुडाला काळा डाग पडतो. तो रोग नव्हे. अनियमित पाण्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, इतकेच.

उसात आपण फुटव्यांची वाट पाहतो. येथे उलट आहे, बगलेतले फुटवे कोवळे असतानाच खुडून टाकावेत. खुडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. तंबाखू मळलेल्या हातातून मोझॅक रोगाचा विषाणू झाडावर जातो. (हे वाचून काही सभासद हसतील. आम्हीही हात धुऊनच खुडतो, कारण आम्हालाही सवय आहे.)

एक गोष्ट त्या पोराच्या आईने शोधली. फुले भरपूर, पण फळ धरेना. टोमॅटोच्या फुलात नर व मादी भाग एकत्रच असतात, पराग खाली पडायला फक्त हलका धक्का लागतो. रानात तो वारा देतो. काचांनी बंद केलेल्या गॅलरीत वारा कुठला? हॉलंडमध्ये त्यासाठी भुंगे सोडतात. या माऊलीने रोज सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या दांड्यांना टिचकी मारायला सुरुवात केली आणि आठवडाभरात फळे धरली.

जानेवारीत चार बादल्यांनी घरच्या आमटीला टोमॅटो पुरवला, विकण्याइतका नाही. तात्यांच्या वीस गुंठ्यांत खोडवा उभा आहे. यंदा त्यांनी सुरू उसाच्या पट्ट्यात दोन ओळी टोमॅटोच्या घेण्याचे ठरविले आहे, उघड्यावर आणि बिनकर्जी. त्याचा जमाखर्च हाती आला की देऊ.