नजर आणि पाऊल : टँगोच्या बैठकीतील एक वर्ष

टँगो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातले एक ठरावीक चित्र उभे राहते : दातांत गुलाब धरलेला पुरुष, कमरेत मागे झुकलेली स्त्री आणि दर चार पावलांगणिक मानेला दिलेला हिसका. मार्च २०२३ ते फेब्रुवारी २०२४ असे वर्षभर स्पॅनिशच्या अभ्यासासाठी माझे वास्तव्य ब्वेनोस आयरेस येथे होते. त्या काळात आठवड्यातून एकदोन रात्री मी नाचाच्या बैठकींना जात असे. गुलाब काही कोठे दिसला नाही. दिसले ते असे : एका मोठ्या दालनात चाळीसपन्नास जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने संथपणे फिरत आहेत, स्त्रियांचे डोळे बहुधा मिटलेले आहेत, पाय जमिनीपासून फारसे सुटत नाहीत आणि कोणी कोणाशी बोलत नाही. पहिल्या रात्री मला हा नाच कमी आणि प्रदक्षिणा अधिक वाटली.

रंगमंचावरचा टँगो आणि बैठकीतला टँगो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच सांगितले पाहिजे. पहिला प्रेक्षकांसाठी बसवलेला असतो. १९८३ साली पॅरिसमध्ये सादर झालेल्या आणि १९८५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गाजलेल्या ‘तांगो आर्हेन्तिनो’ या कार्यक्रमाने तो जगभर पोहोचवला. दुसरा बसवलेला नसतोच. तो जोडीतली दोन माणसे त्या क्षणी रचीत जातात आणि गाणे संपले की तो नाहीसा होतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा टँगो आहे. तो जेथे चालतो त्या बैठकीला ‘मिलोंगा’ म्हणतात. गंमत अशी की, मिलोंगा हे एका जलद लयीच्या गीतप्रकाराचेही नाव आहे आणि त्यावर करावयाच्या नाचाचेही. नवख्याचा पहिला महिना हे तीन अर्थ वेगळे करण्यातच जातो.

इतिहास थोडक्यात असा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दे ला प्लाता या नदीमुखाच्या दोन्ही काठांवर, म्हणजे ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेव्हिदेओ या बंदरांत, आफ्रिकी वंशाच्या लोकांचे कांदोंबे, क्यूबातून आलेला हाबानेरा आणि गावाकडची मिलोंगा यांच्या मिसळीतून हा नाच घडला. त्यात भर पडली ती इटली आणि स्पेनमधून पोटासाठी आलेल्या माणसांची. १९१४ च्या जनगणनेत ब्वेनोस आयरेसची जवळजवळ निम्मी वस्ती परदेशात जन्मलेली होती, आणि येणाऱ्यांत पुरुषच अधिक. याच सुमारास पॅरिसला टँगोचे वेड लागले. तेथून तो प्रतिष्ठित होऊन परतल्यावर गावातल्या बड्या घरांनी त्याला दिवाणखान्यात घेतले. त्याचे प्रमुख वाद्य बांदोनेऑन हे मूळचे जर्मनीतले. आपल्या संगीत नाटकात युरोपातून आलेली पेटी जशी घरची होऊन बसली, तसेच हे. १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानतात. १९५५ साली पेरोन यांची सत्ता लष्कराने उलथवली. त्यानंतरची लष्करी राजवट, रॉक अँड रोलची लाट आणि १९७६ ते १९८३ ची हुकूमशाही यांत बैठकी ओसरत गेल्या. लोकशाहीच्या पुनरागमनाबरोबर त्या पुन्हा भरू लागल्या. २००९ साली युनेस्कोने टँगोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

आता शिकण्याविषयी. वर्गात पहिले सहा आठवडे आम्हाला फक्त चालावयास लावले. पुढे चाला, मागे चाला, एका पायावर सबंध भार येईपर्यंत दुसरा उचलू नका. पैसे भरून चालावयास कशाला शिकावे, असे तेव्हा वाटले. पुढे कळले ते असे : टँगोत पावलांचा क्रम ठरलेला नसतो. पुरुष छातीच्या किंचित हालचालीने दिशा सुचवतो आणि स्त्रीने आपला तोल आपल्याच पायावर ठेवला असेल तरच ती सूचना तिच्यापर्यंत पोहोचते. ती त्याच्यावर रेलली तर दोघेही अडकतात. आपल्याकडे गवई आणि तबलजी न बोलता समेवर एकत्र येतात त्याच्याशी याचे नाते आहे. फरक इतकाच की येथे मध्ये चार हातांचे अंतर नाही. छातीला छाती लागलेली असते. या आलिंगनाची धास्ती मी घरून घेऊन गेले होते. प्रत्यक्षात ती दोन महिन्यांत गेली. खरी अडचण भलतीकडेच निघाली.

जुन्या वळणाच्या मिलोंगात पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात. टेबलापाशी येऊन ‘नाचता का?’ असे विचारणे गावंढळपणाचे समजले जाते. आमंत्रण दुरूनच द्यावयाचे. प्रथम ‘मिरादा’, म्हणजे नजर. स्त्री ज्याच्याबरोबर नाचू इच्छिते त्याच्याकडे पाहते, पुरुषही पाहत असतो. नजरा जुळल्या की तो मान किंचित हलवतो. याला ‘काबेसेओ’ म्हणतात. तिनेही मान हलवली की ठरले. नको असेल तर तिने नजर दुसरीकडे वळवावयाची. बस्स. शेजारणीलाही पत्ता लागत नाही.

अर्थात यासाठी स्त्रीने परक्या पुरुषाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. ज्या घरात ‘मान खाली घालून सरळ जा, सरळ ये’ हेच शिक्षण मिळाले, तेथून गेलेल्या मुलीला गिरकी सोपी आणि हे अवघड. माझ्या पहिल्या मिलोंगात रात्री साडेदहापासून अडीचपर्यंत मी खुर्चीत बसून होते आणि एकदाही उठले नाही. अशा बसून राहण्याला तेथे ‘प्लांचार’, म्हणजे इस्त्री करणे, असा शब्द आहे. माझ्या टेबलाशी सत्तरीच्या एक बाई असत. तिसऱ्या रात्री त्यांनी मला ‘मुली’ अशी हाक मारून सांगितले की, तुझ्या बुटांना कोणी नाचावयास बोलावणार नाही, मान वर कर. मी मान वर केली, समोरून कोणी तरी मान हलवली आणि मी ताडकन उभी राहिले. तो गृहस्थ माझ्या मागच्या टेबलावरील बाईंना घेऊन गेला. पुरुष टेबलापाशी येऊन उभा राहीपर्यंत स्त्रीने बसूनच राहावे, हा नियम कशासाठी आहे ते मला त्या दिवशी समजले.

हे सारे मला प्रथम नखरेल वाटले होते. पण विचार करू लागल्यावर आमच्या आत्याची आठवण झाली. तिला पाहावयास आलेल्या स्थळांनी चहापोहे घेतले, तिने मान वर केली नाही, आणि नकार आठपंधरा दिवसांनी पोस्टकार्डावरून आजोबांना कळला. पोस्टकार्ड उघडेच असते. पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी ते वाचले. मिलोंगातल्या जुन्या लोकांनी नेमकी हीच गोष्ट टाळण्याची सोय केली आहे. तेथे नकार भरपूर आहेत, रात्रीत शेकडो असतील, पण एकही उच्चारला जात नाही.

होकार दिल्यावर मात्र आपण बांधले जातो. संगीत ‘तांदा’ या गटांत वाजते. टँगोच्या तांद्यात बहुधा चार गाणी, एकाच वाद्यवृंदाची. वाल्सच्या किंवा मिलोंगाच्या तांद्यात पुष्कळदा तीन. दोन तांद्यांच्या मध्ये ‘कोर्तिना’, म्हणजे पडदा, असा भलत्याच संगीताचा तुकडा वाजतो आणि नाचणारे आपापल्या जागी परततात. एका जोडीदाराबरोबर पूर्ण तांदा करावयाचा अशी रीत आहे. त्यामुळे पहिले सूर ऐकून मगच नजर फिरवतात. हुआन दारिएन्सो यांना ‘तालाचा राजा’ म्हणत; त्यांच्या रेकॉर्डवर चपळ पायाचा जोडीदार हवा. कार्लोस दि सार्ली यांचे संगीत संथ, भरदार, चालण्यासाठीच केल्यासारखे. नवख्यांना तेच मानवते. ओस्वाल्दो पुग्लिएसे रात्र चढल्यावर लागतात, आणि ते वाजू लागले की मी वर्षभर खुर्चीतच राहिले. ते मला झेपत नाहीत हे ओळखणे हीदेखील प्रगतीच होती. पुग्लिएसे कम्युनिस्ट होते. त्यांना तुरुंगात टाकले की त्यांचे वादक रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशनचे फूल ठेवून कार्यक्रम करीत, ही हकीकत मिलोंगात आजही सांगतात.

दोन गाण्यांच्या मधल्या गप्पांत कधीही ‘ग्रासियास’ म्हणू नये, ही सूचना मला पहिल्याच आठवड्यात मिळाली होती. आपण सौजन्याने ‘आभारी आहे’ म्हणतो, पण तेथे त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो. तांद्याच्या मध्येच ते म्हणणे म्हणजे चारचौघांत दिलेला नकार. जूनमध्ये एक गृहस्थ मला नाचता नाचता शिकवू लागले : खांदा असा नको, पाय तसा नको, आणि हे मोठ्याने. नाचाच्या फरशीवर शिकवू नये असाही संकेत आहे, पण तो त्यांनी पाळला नाही आणि मी चारही गाणी मुकाट्याने ऐकून घेतले. घरी येऊन रडले. ऑक्टोबरात त्यांच्याशी पुन्हा नजर भिडली. मला वाटले, आता आपल्याला येते. दुसरे गाणे संपले तेव्हा त्यांनी माझी मान हाताने सरळ केली. मी म्हणाले, ‘ग्रासियास.’ आवाज फुटला की नाही याची खात्री नव्हती, पण त्यांचा चेहरा पाहून समजले की फुटला. भर फरशीवरून एकटीने टेबलापर्यंत चालत येण्यास दहाबारा पावले लागली असतील. त्या वर्षात केलेल्या सर्व चालण्यात ती अधिक कठीण होती. त्या गृहस्थांनी पुढे माझ्याकडे कधी पाहिले नाही. माझे काही बिघडले नाही.

या रीतीची भलावण करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. नजर सर्वांना मोकळी असली तरी ती सर्वांवर सारखी पडत नाही. तरुण आणि परकी म्हणून मला, चांगले येत नसतानाही, जूननंतर बोलावणी येऊ लागली. माझ्या टेबलावरील त्या बाई माझ्या दसपट चांगल्या नाचत आणि कित्येक रात्री तासन्तास बसून काढीत. मूक नकाराने अपमान टळतो, पण बसून राहणे टळत नाही. शिवाय मान हलवण्याचा आणि उठून येण्याचा अधिकार परंपरेने पुरुषाकडेच राहिला. याविरुद्ध तेथील स्त्रिया बोलू लागल्या आहेत. कोणी पुढाकार घ्यावा हे स्त्री-पुरुष भेदावर ठरू नये, असे मानणाऱ्या मिलोंगाही या शतकाच्या आरंभापासून भरत आहेत. जुने लोक त्यांना नाके मुरडतात खरे, पण पूर्वी तरुण मुलगे आपापसांत सराव करून आणि आधी स्त्रीची बाजू शिकूनच मिलोंगात पाऊल टाकीत, हे जुने लोकच अभिमानाने सांगतात.

या वर्षात शहराची स्थिती बरी नव्हती. २०२३ साली तेथील वार्षिक महागाई दोनशे टक्क्यांच्या वर गेली. दारावरचा प्रवेशशुल्काचा फलक पुसून पुन्हा लिहिला जाई. टेबलावर पूर्वी एकेकीसमोर एकेक पेला असे, तो पुढे दोघींत एक दिसू लागला. गर्दी मात्र माझ्या डोळ्यांना तरी कमी झालेली दिसली नाही. २०२० साली महामारीत याच बैठकी बंद पडल्या होत्या. आलिंगनाशिवाय टँगो कसा करणार? ते दिवस ज्यांनी काढले होते ते दोन घोट कमी घ्यावयास तयार होते.

नाच म्हणून वर्षाअखेर मला काय आले, असे कोणी विचारले तर उत्तर लहान आहे : मागे चालणे, पाय ओलांडून थांबणे, ‘ओचो’ म्हणजे आठाच्या आकड्यासारखे वळण, आणि न कळल्यास स्थिर उभे राहणे. शेवटच्या दोन महिन्यांत सरावाच्या वर्गात मी पुरुषाची बाजूही थोडीफार शिकले.

फेब्रुवारीतली माझी शेवटची रात्र. त्या बाई बराच वेळ बसून होत्या. दि सार्ली यांचा तांदा लागला. मी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले होते, तेथून त्यांच्याकडे पाहिले आणि मान हलवली. त्यांनी मला पाहिले, हे नक्की. मग त्यांनी शांतपणे खाली वाकून बुटाचा पट्टा सारखा केला. मीही दुसरीकडे पाहू लागले. रात्रीच्या अखेरीस रिवाजाप्रमाणे ‘ला कुंपारसिता’ लागले तेव्हा एका वृद्ध गृहस्थांबरोबर त्या फरशीवर होत्या, डोळे मिटून.