नवशिक्याचे धनुष्य

धनुर्विद्या म्हटली की एकलव्य आठवतो. त्याला चिंता गुरूची होती, मला पैशाची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. कल्याणला शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून गेल्या वर्षी मी ४० पौंडांचे धनुष्य घेतले आणि फसलो. दोरी हनुवटीपर्यंत येईना. खांदा मात्र महिनाभर दुखला.

पौंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर. नवशिक्याने १६ ते २० पौंडांपासून प्रारंभ करावा. वरखालच्या पट्ट्या सुट्या होणारे लाकडी धनुष्य बरे. ताकद वाढली की फक्त पट्ट्या बदलायच्या. शिवाय ते पिशवीत मावते. डोंबिवलीच्या गर्दीत अखंड धनुष्य घेऊन लोकलमध्ये चढून पाहा, म्हणजे पटेल!

बाण मात्र पारखून घ्यावेत. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर २.५ ने भागले की आपली ओढ साधारण कळते. माझे अंतर १६५ सेंमी, म्हणून ओढ ६६. बाण त्याहून थोडा लांबच हवा. आखूड बाण हातात घुसू शकतो. सहाही बाण एकाच लांबीचे, वजनाचे व ताठपणाचे असावेत. नाहीतर नेम चुकला तो हातामुळे की बाणामुळे, हे कळतच नाही. आणि ते कळणे म्हणजेच शिकणे.

सरडे गावच्या मजुराचा मुलगा, प्रवीण जाधव, २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. मी सध्या मित्राच्या १८ पौंडांच्या धनुष्यावर सराव करतो, बाण माझे. माझ्या धनुष्यावर आई टॉवेल वाळत घालते.