दीडशे रुपयांची गोळी आणि अस्तराचा हिशेब

लेट्रोझोल ही मूळची स्तनाच्या कर्करोगावरची गोळी. मूल होण्यासाठी डॉक्टरांनी ती लिहून दिली आणि घरी येऊन मोबाइलवर नाव शोधलं, की पोटात गोळा येतोच. सरकारनेही 2011 मध्ये या वापरावर बंदी घातली होती. 2017 मध्ये ती उठली. पाच दिवसांचा कोर्स साधारण शंभर-दोनशे रुपयांत होतो.

तिच्याआधीची क्लोमिफिनही स्वस्तच. पण क्लोमिफिन इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. मेंदूत अडवते म्हणून स्त्रीबीजं वाढतात. गर्भपिशवीतही अडवते म्हणून काही जणींचं अस्तर पातळ राहतं. त्यातून ती शरीरातून निघायला आठवडे घेते. बीज फुटल्यानंतर साधारण सहा ते दहा दिवसांनी गर्भ रुजतो, तेव्हाही तिचा अंमल पुरता उतरलेला नसतो. लेट्रोझोल इस्ट्रोजेन बनणंच रोखते, मात्र गोळ्या संपल्या की काही दिवसांत उतरते आणि अस्तराला भरून यायला सवड मिळते. पीसीओएस असलेल्या 750 स्त्रियांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात (2014) लेट्रोझोलवर 27.5 टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफिनवर 19.1 टक्के.

तेव्हा गोळीच्या किमतीवरून घासाघीस करू नका. पैसे जातात ते अस्तर मोजण्यात. एका चक्रात तीन-चार सोनोग्राफी, प्रत्येकीचे पाचशे ते दीड हजार. आयव्हीएफमध्ये अस्तर सात मिलिमीटरच्या खाली राहिलं तर बरेच डॉक्टर त्या महिन्यात गर्भ गर्भपिशवीत सोडत (ट्रान्सफर करत) नाहीत. सायकल रद्द, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून.

गोठवलेला गर्भ सोडण्याआधी काही ठिकाणी ल्युप्रोलाइडचं महिनाभर टिकणारं इंजेक्शन देतात. ते पाळीची सगळी यंत्रणाच झोपवतं. मग इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अस्तर नव्याने वाढवायचं. एकेक इंजेक्शन काही हजारांचं, वर अंगातून वाफा. अ‍ॅडेनोमायोसिस (गर्भपिशवीच्या स्नायूत अस्तर शिरण्याचा आजार) असेल तर हा खर्च समजण्यासारखा आहे. तसं काही नसताना दिलं तर ‘माझ्या बाबतीत कशासाठी?’ हे विचारायला संकोच कसला? ट्रान्सफरचं पॅकेज मोठ्या शहरांत ढोबळमानाने 40 ते 80 हजार. त्यात हे इंजेक्शन आणि प्रोजेस्टेरॉन धरलंय का, ते लेखी घ्या.

अस्तराचा तुकडा काढून ‘रुजण्याची नेमकी वेळ’ सांगणारी ईआरए चाचणी मात्र मी सरळ नाकारेन. तिला तीस-पन्नास हजार मागतात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ईआरएच्या वेळापत्रकाप्रमाणे गर्भ सोडला तेव्हा 58.5 टक्के जणींना मूल झालं, नेहमीच्या वेळी सोडला तेव्हा 61.9 टक्के.

बहुतेक आरोग्य विम्यांत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. पॉलिसीत ‘एक्सक्ल 17’ हे कलम शोधा. केंद्र 2021 च्या एआरटी कायद्याखाली नोंदलेलं आहे का, तेही पाहा. गोव्यात राहत असाल तर आधी बांबोळीला जाऊन या. गोवा मेडिकल कॉलेजने 2023 मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केलं आहे.

आणि आगाऊ रक्कम भरण्याआधी एक प्रश्न विचारा: अस्तर वाढलं नाही म्हणून सायकल रद्द झाली, तर यातले किती परत मिळतील?