व्यसनाधीन भाऊ व मंडळीचें कर्तव्य

पाठ : लूक १०:२५-३७

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत व्यसनाविषयीं उपदेश वारंवार होतो, आणि तो व्हावयास पाहिजेच. दारू, गांजा, अफू व गर्द यांनीं किती घरें धुळीस मिळविलीं, हें वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. परंतु उपदेश ऐकूनहि ज्याचें व्यसन सुटलें नाहीं, त्याचें आपण काय करितों? पुष्कळ ठिकाणीं त्याच्या घरीं प्रार्थनासभा भरत नाहीं, आणि त्याची आई उपासनेस आली तर खालीं मान घालून सर्वांच्या मागें बसते. "आधीं व्यसन सोड, मग ये," असा जणूं नियमच झाला आहे. प्रस्तुत पाठांत हा नियम कोठेंहि नाहीं, हें आम्ही दाखवूं इच्छितों.

शोमरोनी मनुष्यानें काय केलें तें क्रमानें पाहा. प्रथम त्यानें जखमा बांधिल्या. मग त्या मनुष्यास उतारशाळेंत नेलें. मग त्याच्याकरितां पदरचे दोन दीनार दिले. आणि शेवटीं आपण परत येऊं असें सांगितलें. "तूं या चोरांच्या वाटेनें एकटा कां निघालास?" असें त्यानें विचारिलें नाहीं, आणि "पुन्हा या वाटेनें जाणार नाहीं" असें वचनहि घेतलें नाहीं.

कोणी म्हणेल, त्या मनुष्यास चोरांनीं मारिलें. व्यसनी तर स्वतःच स्वतःस मारितो. पहिला प्याला त्यानें आपल्या हातानें घेतला, हें खरें. पण पुढें व्यसनच चोर होतें. अफूच्या जातीचें द्रव्य रोज शरीरांत गेलें म्हणजे मेंदूची घडण बदलते. तें न मिळाल्यास अंग फुटतें, वांति व जुलाब होतात, झोंप उडते. तेव्हां निश्चय करणाऱ्याचाहि निश्चय टिकत नाहीं. असा मनुष्य वाटेवर पडलेलाच आहे.

हें नुसतें बोलणें नव्हे. आपल्या देशाच्या पूर्व सीमेवर मणिपूर राज्य आहे. तेथील डोंगरी भागांतील बहुतेक लोक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे आहेत. शेजारच्या म्यानमार देशांतून येणारें हेरॉइन, ज्यास तेथें 'नंबर चार' म्हणतात, सन १९८० नंतरच्या दशकांत तेथील तरुणांत पसरलें. तें ते शिरेंत टोचून घेत, आणि एकच सुई अनेक जण वापरीत. सन १९८९ च्या सप्टेंबरापर्यंत तपासलेल्या अशा लोकांपैकीं एकाच्याहि रक्तांत एच. आय. व्ही. हा विषाणु सांपडला नव्हता. पुढें सहा महिन्यांच्या आंत तपासलेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांत तो सांपडला! त्यांच्यापासून तो त्यांच्या बायकांस व तान्ह्या मुलांसहि लागला.

भयानें लोकांनीं प्रथम कठोर उपाय केले. पुष्कळांस तुरुंगांत घातलें. कांहींच्या आईबापांनींच त्यांस पोलिसांच्या हवालीं केलें. सशस्त्र टोळ्यांनीं कित्येकांच्या पायांत गोळ्या मारिल्या. पण रोग थांबला नाहीं. जो लपून राहतो तो दवाखान्यांत येत नाहीं, आणि अंधारांत हातीं लागेल ती सुई वापरितो.

सन १९९५ मध्यें चुराचांदपूर येथें एमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या ख्रिस्ती संस्थेच्या वतीनें 'शालोम' या नांवाचें काम सुरू झालें. या कामांत वापरलेल्या सुया परत घेऊन नव्या निर्जंतुक सुया देणें, गळवें व जखमा धुणें, आणि घरच्या माणसांस शुश्रूषा शिकविणें हीं कामें होतीं. ख्रिस्ती माणसांनीं सुया वांटाव्या, हें पुष्कळांस रुचणारें नव्हतें. तरी सन १९९६ मध्यें मणिपूर सरकारनेंहि आपल्या एड्सविषयक धोरणांत ही रीत मान्य केली. तिला हानि कमी करण्याची रीत म्हणतात. व्यसन चांगलें असें ती म्हणत नाहीं; व्यसन सुटेपर्यंत मनुष्य जिवंत राहिला पाहिजे, एवढेंच ती म्हणते. मेलेल्या मनुष्यास पश्चात्तापाची संधि कोठून मिळणार?

आतां शोमरोन्याच्या चार कृतींवरून आपण चार धडे घेऊं.

१. जखम बांधणें. — अफू, हेरॉइन किंवा तशा औषधाची मात्रा अधिक झाली म्हणजे श्वास मंद होतो, ओंठ निळे पडतात, हांक मारिली तरी मनुष्य उठत नाहीं. त्याला "झोंपूं द्या" म्हणून सोडून जाऊं नये, आणि त्याच्या तोंडांत ताक किंवा पाणी ओतूं नये. १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी, श्वास थांबत असल्यास तोंडानें श्वास द्यावा, श्वास चालू असल्यास कुशीवर निजवावें, आणि जवळ बसावें. नॅलोक्सोन नांवाच्या औषधानें असा मनुष्य कांहीं मिनिटांत शुद्धीवर येतो. परंतु त्या औषधाचा जोर तासाभरांत उतरूं लागतो, म्हणून शुद्धीवर आला तरी त्यास दवाखान्यांत नेलेंच पाहिजे.

२. उतारशाळा. — बरें होणाऱ्यास घर पाहिजे. सन १९८६ मध्यें पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र काढिलें. तेथें रोग्याबरोबर त्याच्या घरच्यांचाहि विचार होतो. व्यसनी पुरुषांच्या पत्नींकरितां 'सहचरी' नांवाचा निराळा गट आहे. आपल्या मंडळींतील बायबल-बाईनें अशा पत्नीच्या घरीं आठवड्यास एकदां जाणें, हीसुद्धां उतारशाळाच आहे. येथें एक सूचना: पुष्कळ वर्षें रोज पुष्कळ दारू पिणाऱ्यास कोंडून ठेवून ती एकाएकीं बंद करूं नये. त्यानें आंचके येतात, वात होतो, व प्रसंगीं प्राणहि जातो. अशी दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालींच सोडवावी.

३. दोन दीनार. — बरें होण्यास वेळ व पैसा लागतो. ब्युप्रेनॉर्फिन नांवाची गोळी देखरेखीखालीं जिभेखालीं ठेविली असतां हेरॉइनची ओढ शमते, आणि मनुष्य कामास जाऊं शकतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या, सन २००७ पासून सुरू झालेल्या, तिसऱ्या पर्वांत हा उपचार घेण्यांत आला. "हें तर एक व्यसन काढून दुसरें लावणें झालें," असें म्हणून कोणाची गोळी बंद करूं नये. केंद्रापर्यंतचें एस. टी. चें भाडें मंडळीच्या धर्मादाय पेटींतून दिलें, तर तेच आपले दोन दीनार होत.

४. परत येणें. — व्यसन सोडलेला मनुष्य पुष्कळदां पुन्हा पडतो. हाच काळ सर्वांत घातक होय; कारण तुरुंगांतून किंवा उपचारांतून सुटलेल्याच्या शरीराची पूर्वीची संवय मोडलेली असते, आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास तो मरतो. म्हणून त्याला आधींच सांगून ठेवावें: "भाऊ, तूं पडलास तर आम्हांपासून लपूं नको, लगेच निरोप पाठीव." लाजेनें एकटा राहिलेला एकटाच मरतो.

यानें व्यसनास उत्तेजन येतें काय? जागतिक आरोग्य संघटनेनें सन २००४ मध्यें अनेक देशांतील पुरावा तपासला. सुया पुरविल्यानें एच. आय. व्ही. चा प्रसार बराच कमी होतो, आणि व्यसन वाढल्याचा सबळ पुरावा नाहीं, असें तींत आढळलें. आपल्या देशांतील सन २०१७ च्या एच. आय. व्ही. व एड्स कायद्यानेंहि, हा धोका कमी करण्याकरितां केलेलीं अशीं कामें गुन्हा नव्हत, असें ठरविलें आहे.

आम्ही पाप झांकण्यास सांगत नाहीं. उपदेशकानें सत्य सांगावें. पण तें त्या भावाच्या खाटेजवळ बसून सांगावें, वेशीबाहेर उभें करून नव्हे. याजक व लेवी यांनीं त्या मनुष्याचें कांहीं वाईट केलें, असें दाखल्यांत लिहिलेलें नाहीं. ते दुसऱ्या बाजूनें गेले, एवढाच त्यांचा दोष.

घरीं व मंडळींत विचार करण्याकरितां प्रश्न :

(१) आपल्या गांवांत व्यसनामुळें उपासनेस येण्याचें कोणीं सोडलें आहे? त्याच्याकडे या आठवड्यांत कोण जाईल?

(२) जवळचें सरकारी रुग्णालय व व्यसनमुक्ति केंद्र कोठें आहे? सरकारच्या व्यसनमुक्ति मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ हा मंदिराच्या दारावर लिहिला आहे काय?

(३) तो भाऊ पुन्हा पडला, तर आपण कोणत्या बाजूनें जाऊं?