आपोआप चालणारी मोटार व आमचा शेजारी

चालकावांचून चालणाऱ्या मोटारी आज अमेरिकेंतील व चीनमधील कांहीं शहरांत उतारू नेत आहेत. कॅमेरे व रडार ह्यांच्या साह्यानें रस्ता पाहून चाक वळविण्याचें व ब्रेक लावण्याचें काम संगणक करतो. हें यंत्र कोणाचा जीव आधीं राखील, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे. त्याचाच आम्ही येथें विचार करूं.

समजा, अपघात अटळ आहे. गाडींत एक उतारू असून पुढें दहा पादचारी आहेत. गाडी वळविल्यास उतारू मरेल, न वळविल्यास ते दहा. बोनफों, शरीफ व राहवान ह्या संशोधकांनीं असे प्रश्न अमेरिकेंतील लोकांस विचारून त्यांचीं उत्तरें 2016 सालीं प्रसिद्ध केलीं. एकाच्या मरणानें दहा वांचावे हेंच नीतीस धरून आहे, असें शेंकडा 76 जणांनीं सांगितलें. परंतु स्वतः कोणती गाडी घ्याल असें विचारतांच मनाचा कल पालटला! इतरांनीं तशी गाडी घ्यावी, आपली मात्र आपणांस राखणारी असावी. कायद्यानें तशी सक्ती व्हावी, हेंही पुष्कळांस रुचलें नाहीं.

असा प्रसंग क्वचितच येईल, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. 18 मार्च 2018 रोजीं रात्रीं ॲरिझोनांतील टेंपी शहरीं चांचणीच्या अशा मोटारीखालीं सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली. यंत्रानें तिला सुमारें साडेपांच सेकंद आधीं पाहिलें होतें. पण कधीं वाहन, कधीं सायकल समजून त्यानें तिला मनुष्य म्हणून ओळखलेंच नाहीं. देखरेखीस बसलेल्या चालकाची दृष्टि मोबाइलवर होती. तेथें कोणाचा जीव राखावा हा प्रश्न उद्भवलाच नाहीं. उणें पडलें तें अवधान.

म्हणून मनुष्याचाच हात बरा काय? भारतांत 2022 सालीं रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसें दगावलीं. हीं वाहनें माणसेंच हांकीत होतीं. यंत्राची एक चूक जगभर गाजते. आमच्या चुका मात्र आमच्या अंगवळणीं पडल्या आहेत.

यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या मनुष्याचा दाखला सर्वांस ठाऊक आहेच. त्यास पाहूनही दोघे पुढें गेले. थांबला तो शोमरोनी. पाहणें निराळें व शेजारी म्हणून ओळखणें निराळें. यंत्रास हें शिकविणारीं माणसेंच आहेत. तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, सायकलीवर बसतांना वा पुढें मोटार हांकतांना हा पाठ प्रथम आपण गिरवूं या.