काना, मात्रा आणि कोड

वाशिममध्ये मराठी टायपिंगचं काम करताना अक्षरांनी मला बरंच शिकवलं. अर्ज, लग्नपत्रिका, लाभार्थ्यांच्या याद्या हातावेगळ्या करता करता उमगलेलं हे थोडं.

१. पडद्यावर मराठी दिसली म्हणजे फाइलमध्ये मराठी असतेच असं नाही. कृतिदेव फॉन्टात 'वाशिम' लिहिलं की आत साठतात ओ, के, एफ, अवतरणचिन्ह, के, ई. फॉन्ट नसलेल्या संगणकावर नेमकं तेच उघडं पडतं. १ जुलै १९९८ ला आपला जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती येऊन सात वर्षं होत आली होती. तरी टायपिंग मात्र अशाच फॉन्टांत चालायचं. त्या काळातले किती कागद आज वाचता येत असतील, हा विचार मनातून जात नाही.

२. युनिकोड जिभेचा क्रम पाळतो. 'शि'मधली वेलांटी छापताना श च्या आधी येते, साठवताना मात्र आधी श, मग वेलांटी. कृतिदेवमध्ये वेलांटीची कळ आधी दाबावी लागते. मागे पुसताना वेलांटी जाऊन श का उरतो, ते मला यातून उलगडलं. यंत्रानं उच्चाराचा मान राखलेला पाहून फार बरं वाटलं.

३. 'श्री' आपण एका दमात लिहितो, पण आत चार कोड असतात: श, पाय मोडल्याची खूण, र, दुसरी वेलांटी. त्या पाय मोडण्याला युनिकोड 'विराम' म्हणतो. ऑनलाइन अर्जातली अक्षरमर्यादा लवकर का संपते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

४. शाळेतली भाषा अजून कामाला येते. फोनवर गावाचं नाव सांगताना 'र ला पहिली वेलांटी, स ला काना-मात्रा, ड' म्हटलं की रिसोड चुकत नाही. फरक इतकाच, की आपले काना आणि मात्रा मिळून युनिकोडमध्ये 'ओ'ची एकच खूण होते. कुणी दोन्ही सुटे टाइप केले तर काही फॉन्टांत 'सो' हुबेहूब दिसतो, पण शोधल्यावर सापडत नाही.

५. सगळ्यात नाजूक र आपलाच. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरदऱ्यांचं अंतर आहे. 'शेतकऱ्यां'मधला हा र दोन प्रकारे साठवता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारी जोडखूण देऊन. 'ॲ'चंही तसंच. त्याला स्वतंत्र कोड २००८ मध्ये मिळाला. त्याआधी अ वर चंद्र देत, आणि काही जण अजूनही ऍ वापरतात. वकिलांच्या नावाआधीचं 'ॲड.' त्यामुळे तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं.

६. या सगळ्याची किंमत शेवटी माणूस मोजतो. यादीत नाव असूनही शोधात आलं नाही, की 'भाऊ, तुमचं नाव नाही' हे ऐकून मानोऱ्याहून आलेला शेतकरी परत फिरतो. त्याच्या नावात खोट नसते. ते दोन ठिकाणी दोन कोडांत बसलेलं असतं. म्हणून यादी हाती आली की मी आधी ऱ आणि ॲ तपासतो, सगळीकडे एकच पद्धत करतो, आणि मगच ती पुढे पाठवतो.